दिव्याच्या जागेवरची ओल

घरात कधीही घाण न करणारा कुत्रा एकाएकी घरात लघवी करू लागला, की हैदराबादेतले काही पशुवैद्य त्या घराला माझा नंबर देतात. आधी ते स्वतः तपासणी करतात. मुतखडा, जंतुसंसर्ग, मधुमेह किंवा नुसतं म्हातारपण, यांपैकी काही निघालं तर काम त्यांचं. काहीच निघालं नाही तर माझं.

हे काम मी गेली काही वर्षं करते. त्याआधी बराच काळ एका वर्तमानपत्राच्या वार्ताविभागात होते. तिथली एक सवय इथे उपयोगी पडली: काय घडलं ते आधी लिहायचं, का घडलं ते नंतर. कुत्र्यांच्या मालकांना नेमकं उलटं करायची घाई असते. दार उघडताच ते कारण सांगतात. सूड घेतोय, रुसलाय, लाडावलाय. कुत्रा सूड म्हणून लघवी करत नाही. लघवीची त्याला माणसाइतकी घाण वाटत नाही, तेव्हा सूडासाठी ती वापरायचं त्याच्या डोक्यात येण्याचं कारण नाही.

बाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगायचं, तर कुत्र्याचं शिक्षण पाच आधारांवर उभं असतं. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, पायाखालचा स्पर्श, बरोबरचा माणूस आणि वास. घरात मोठा बदल झाला की यांतले दोन-तीन आधार एकाच आठवड्यात निघून जातात. मलकपेठेतल्या एका घरात बाळ आलं आणि कुत्री बाळाच्या दुपट्यांवर लघवीला बसू लागली. सगळे म्हणाले, मत्सर. प्रत्यक्षात बाळाच्या अंघोळीसाठी मागचं दार सकाळचे दोन तास बंद राहत होतं आणि तिची वेळ तीच होती. दार बंद व्हायच्या अर्धा तास आधी तिला बाहेर सोडलं, प्रश्न संपला. दुसऱ्या एका घरात नवरा-बायको वेगळे होत होते आणि कुत्रा नवऱ्याच्या बॅगेवर पाय वर करत होता. तिथे मी फारसं काही करू शकले नाही. बॅग गेली, तसा कुत्राही थांबला.

हे लिहिते आहे ते मात्र चिक्कडपल्लीतल्या एका घराबद्दल. तिथे मी चुकले. चूक साधी होती आणि ती दुसऱ्या कुणी केली असती तर मी तिच्यावर हसले असते.

घर जुन्या मराठी कुटुंबाचं. तीन पिढ्या सरकारी नोकरीतल्या. बैठं घर, शहाबादी फरशी, मागे मोकळी जागा आणि कडुनिंबाचं झाड. घरातले वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, दीड महिन्यापूर्वी गेले होते. मागे राहिल्या होत्या त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई, वय चौऱ्याहत्तर, आणि ढब्बू नावाचा नऊ वर्षांचा तपकिरी कुत्रा. लॅब्रेडॉर आणि गल्ली यांच्यामधलं काहीतरी. मुलगा श्रीकांत गच्चीबावलीला चौदाव्या मजल्यावर राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे. वडील गेल्यापासून तो आईकडेच मुक्कामाला होता. फोन त्याचा होता.

"मॅडम, क्लिअर सांगतो," पहिल्या भेटीत तो म्हणाला. "तीन महिने झाले की आईला मी फ्लॅटवर नेणार. कुत्राही येईल, माझी ना नाही. पण असा नाही. लिफ्टमध्ये एकदा केलं की सोसायटीत संपलं. शमशाबादच्या पुढे एकाची आंब्याची बाग आहे. तो घेतो म्हणालाय. येऊन बघूनही गेला."

"बघून गेला म्हणजे काय," सुलोचनाबाई आतून म्हणाल्या, "दात बघून गेला. बैल घेतात तसा."

"आई."

"मी काही बोलले का? नाही बोलले."

त्या खरंच बोलत नव्हत्या. कुत्र्याशिवाय येणार नाही, असं त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. पण बांधाबांधीला सुरुवातही केली नव्हती. घरातलं एक भांडं जागचं हललं नव्हतं. श्रीकांतनं आणलेली खोकी व्हरांड्यात घडी घालून तशीच उभी होती.

काय घडत होतं ते असं. ढब्बू फक्त एकाच खोलीत लघवी करत होता, अण्णांच्या. तीही एकाच जागी, पलंगाच्या पायथ्याशी, जिथे अण्णांनी प्राण सोडला होता. त्या जागी दिवा होता. तेराव्यानंतर असा दिवा उचलतात. सुलोचनाबाईंनी उचलला नव्हता. वर्षश्राद्धापर्यंत ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. दिव्यापासून वीतभर अंतरावर रोज ओल होत होती.

नातेवाइकांनी याचे अर्थ लावले होते. अण्णांचा जीव कुत्र्यात अडकलाय, असं कुणी म्हणालं. काहीतरी इच्छा राहिली असेल, असंही कुणी म्हणालं. ते सगळं मी ऐकून घेतलं. माझ्या वहीत त्याला रकाना नाही.

वहीत चार रकाने असतात: वेळ, जागा, आधीच्या तासाभरात काय घडलं, नंतर काय केलं. हीच माझी मुख्य पद्धत. घरच्यांनी सात दिवस लिहायचं, मत द्यायचं नाही. पहिल्या दिवशी मी सुलोचनाबाईंना विचारून मागचा काळही लिहून घेतला. अण्णा रोज पहाटे साडेपाचला त्याला मागच्या दारानं झाडाखाली नेत. नऊ वर्षं. अण्णा गेले त्या दिवसापासून मागच्या दारापाशी माणसांची गर्दी, चपला, मांडव. तीन दिवस ढब्बूला ठरल्या वेळी कुणी झाडाखाली नेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं अण्णांच्या खोलीत लघवी केली.

"त्या दिवशी त्याला खायला तरी कुणी घातलं होतं का, कुणास ठाऊक," सुलोचनाबाई म्हणाल्या. "घरात वीस माणसं. जो तो मला पाणी पाजत होता."

पहिल्या घटनेचा खुलासा झाला होता. माणूस गेला, वेळ गेली, दार बंद. पण दार उघडून महिना झाला होता. श्रीकांत त्याला साडेपाचला बाहेर नेतही होता. ढब्बू झाडाखाली लघवी करायचा आणि तास-दीड तासानं आत येऊन पुन्हा खोलीत करायचा. म्हणजे नड नव्हती. काहीतरी त्याला तिथे बोलावत होतं.

अशा वेळी माझा ठरलेला प्रश्न: जागा कशानं साफ करता?

"फिनेल," सुलोचनाबाई म्हणाल्या.

मी उत्तर सापडल्यासारखी वही मिटली. फिनेल आपल्या नाकापुरता वास झाकतं. कुत्र्याला खालचा वास तसाच येत राहतो आणि त्याच्या हिशेबानं ती जागा लघवीचीच राहते. फिनेल बंद करा, मी सांगितलं. लघवीचे घटक फोडणारं एक द्रव मिळतं, ते ओतून जागा धुवा, मग रोज साधं पाणी. त्यांनी अक्षरशः तसंच केलं. यादम्मा, त्यांच्याकडे वीस वर्षं काम करणारी बाई, तिनं फिनेलचा डबा गल्लीतल्या कुणाला देऊनही टाकला.

सातव्या दिवशी वही पाहिली. सात दिवस, सात नोंदी. वेळ सकाळी सात ते साडेसात. जागा तीच. तिसऱ्या रकान्यात रोजचंच: अंघोळ, पूजा, दिव्यात तेल. चौथ्या रकान्यात सुलोचनाबाईंच्या सुवाच्य अक्षरात प्रत्येक दिवशी तेच दोन शब्द: साफ केलं.

"आता?" श्रीकांतनं विचारलं.

मी म्हणाले, जुनी फरशी आहे, सांध्यांत वास मुरला असेल, वेळ लागेल. हे खोटं नव्हतं. पण उत्तर माहीत नसताना बातमीदार जसं वाक्य लिहितो, त्या जातीचं ते वाक्य होतं.

"किती वेळ?"

"सांगता येत नाही."

"मग तोवर तो मागे बांधलेला राहील," श्रीकांत म्हणाला. "आई रोज त्या खोलीत बसून रडते आणि रोज ही घाण. मला बघवत नाही."

"घाणीसाठी नाही रडत मी," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"मग कशासाठी?"

"वेडाच आहेस."

त्याला बांधू नका, असं मी म्हणायला हवं होतं. नऊ वर्षांत ज्याच्या गळ्यात दोरी आली नाही, त्याच्या बाबतीत आणखी एक आधार काढून घेणं चूक, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "चार-पाच दिवस चालेल." कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. ढब्बूला मागे कपडे धुण्याच्या दगडाशी बांधलं. तो तिथे तासन्‌तास लघवी रोखून धरायचा. जिथे कपडे धुतात तिथे करायची नाही, हे त्याला अण्णांनी शिकवलेलं होतं आणि ते तो विसरला नव्हता. श्रीकांत सोडायचा तेव्हा झाडाकडे पळत जायचा. ओढून ओढून मानेवरचे केस गेले, खालची कातडी लाल झाली.

बांधल्यापासून पाचव्या दिवशी मी न सांगता सकाळी साडेसहालाच गेले. वहीवरून जे दिसत नाही ते पाहायचं, तर घटनेच्या वेळी घटनास्थळी हवं. हे मला आधीच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. इथे मी दर वेळी अकराला जात होते, माझ्या सोयीनं.

श्रीकांत पुन्हा झोपला होता. सुलोचनाबाई अंघोळीला गेल्या होत्या. यादम्मा अण्णांच्या खोलीत फरशी पुसत होती. बोलायचं म्हणून मी तिला विचारलं, फिनेल नाही ना वापरत?

"नक्को बोले ना आप," ती म्हणाली. "तब से सादा पानीच मारती मैं. बाद में अम्मा अपना मारते."

"अम्मा क्या मारते?"

तिनं हनुवटीनं देवघराकडे दाखवलं. "वो. गाय का."

देवघराच्या कोनाड्यात गोमूत्राची बाटली होती. ती मी पहिल्या भेटीतच पाहिली होती. तिच्या शेजारी मी माझी बॅग ठेवली होती. माझ्या घरीही तशी बाटली आहे. सुतक फिटलं, की घरभर गोमूत्र शिंपडतात, हे मी लहानपणापासून आईला करताना पाहिलं आहे.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. कुत्ता पिशाब करा तो अम्मा दो बार मारते. दिवे के बाजू में ज्यादा." मग जराशानं: "आप पूछेच नहीं मेडम मेरेकू."

मी तिला विचारलं नव्हतं. मालकिणीला विचारलं होतं आणि मालकिणीनं खरं उत्तर दिलं होतं. तिनं फिनेल वापरायचं बंद केलं होतं. शुद्धी ही तिच्या लेखी साफसफाईत मोडत नव्हती. लाजिरवाणी गोष्ट ही, की माझ्याही लेखी मोडत नव्हती. एखाद्या घरात बोकड बांधलेला असता, तर त्याच्या मुताचा वास मी दारातच वहीत लिहिला असता. गाईचं होतं म्हणून ते मला दिसूनही दिसलं नाही. गाय कुठली, कुत्रा कुठला, हे ढब्बूला नक्की कळत असेल. पण इथे रोज सकाळी कुणीतरी ताजी लघवी करून जातं, एवढंही कळत होतं. त्यावर तो आपली करत होता. तेवढ्याचसाठी सुलोचनाबाई ती जागा पुन्हा शुद्ध करत होत्या. दीड-दोन महिने दोघं आलटून पालटून एकमेकांना उत्तर देत होते.

खात्री करायला हवी होती. सुलोचनाबाई अंघोळ करून आल्या, बाटली घेतली, तुळशीच्या पानानं दिव्याभोवती शिंपडलं. मी त्यांना शिंपडू दिलं, मग मागे जाऊन ढब्बूला सोडलं. तो झाडाखाली जाऊन आला, मोकळा झाला, मग सरळ अण्णांच्या खोलीत गेला. फरशीवर नाक टेकवून दिव्याभोवती अर्धा फेरा घातला आणि पाय वर केला. आम्ही तिघी उभ्या होतो. कुत्र्याची चर्या शांत होती, नेमलेलं काम केल्यासारखी.

सुलोचनाबाईंचा हात बाटलीकडे गेला.

"थांबा," मी म्हणाले. आणि सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?"

"हो," मी म्हणाले.

वार्ताविभागात याला नेमकं उत्तर म्हणतात. ते उत्तर मला आजही परत घ्यावंसं वाटतं. त्यात माझा वाटा होता आणि मी तो सांगितला नाही. सुलोचनाबाई पलंगावर बसल्या. ढब्बू त्यांच्या पायाशी येऊन बसला. त्यांनी त्याच्या मानेवरची लाल कातडी पाहिली, हात लावला नाही.

बोलण्याच्या आवाजानं श्रीकांत उठून आला. त्याला सांगितल्यावर तो आधी हसला, मग आईकडे पाहून थांबला.

"आई, मग नको शिंपडूस. सोपं आहे."

"सोपं?" त्या म्हणाल्या. "तुझ्या वडिलांचा दिवा आहे तिथे. त्याच्याशेजारी कुत्रा मुतणार आणि मी शुद्ध करायचं नाही?"

"तो मुतणारच नाही, असं म्हणताहेत त्या."

"एकदम थांबेल?" हे मला.

"नाही," मी म्हणाले. "सांधे खरवडून धुवावे लागतील. त्यासाठी दिवा उचलावा लागेल. तरी आठ-दहा दिवस अधूनमधून होईल. त्या दिवसांत तिथे काहीच शिंपडायचं नाही."

"अपवित्र राहू द्यायचं."

"ओलं झालं की धुवायचं. बस."

यादम्मा दारात बादली घेऊन उभी होती. श्रीकांतला एकदम सुचलं. "गुरुजींना विचारू का? फोन लावतो. गंगाजळ वगैरे काही चालत असेल."

"कशाला?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "नाही म्हणाले तर?"

त्या उठल्या. दिव्यात तेल होतं, वात पेटलेली होती. त्यांनी दिवा विझवला नाही. दोन्ही हातांनी उचलून तसाच देवघरात नेला आणि देवांच्या डाव्या बाजूला ठेवला. परत येऊन यादम्माला म्हणाल्या, "ब्रश आण. तारेचा."

"अम्मा, मैं करती ना."

"तू पाणी टाक. मी घासते."

त्या खाली बसल्या. गुडघे दुखत असूनही बसल्या. जिथे नवऱ्याचा दिवा दोन महिने होता, त्या दगडाच्या सांध्यांत त्यांनी ब्रश घातला. श्रीकांत म्हणाला, मी करतो. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मध्येच एकदा म्हणाल्या, "ते असते तर हसले असते. म्हणायचे, तुझ्या गाईचं पवित्र आणि माझ्या ढब्बूचं तेवढं घाण. कुठल्या कायद्यात बसतं हे?" हे कुणाला उद्देशून नव्हतं.

दोरी त्याच दिवशी निघाली. पुढच्या दहा दिवसांत तीन नोंदी झाल्या. अकराव्यापासून एकही नाही. मान भरायला त्याहून जास्त दिवस लागले, आणि भरल्यावरही तिथे केस आले ते पांढरे. आंबेवाल्याला श्रीकांतनं नाही म्हणून कळवलं, पण अट मागे घेतली नाही. फ्लॅटमध्ये झालं तर पुन्हा विचार करावा लागेल, असं तो म्हणाला. व्हरांड्यातली खोकी आता भरली जात होती.

ते फ्लॅटवर जायला निघण्याआधी मी त्या दोघांना बसवून सांगितलं होतं. नव्या घरात हा पुन्हा चुकणार. बहुतेक पहिल्याच दिवशी. इथे पायाखाली माती होती, तिथे लिफ्ट आणि काँक्रीट. जागा, वेळ, स्पर्श, सगळं एका दिवसात जाणार. माणूस तेवढा एक राहील, आणि तो माणूस आता तुम्ही आहात. मी हे सुलोचनाबाईंकडे पाहून म्हणाले. त्यांनी मान डोलावली. समजलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. सवय चाळीस-पन्नास वर्षांची असली, की ती पहिल्या धक्क्याला परत येते. माणसांचं आणि कुत्र्यांचं यात फारसं वेगळं नसतं. खोक्यांत देवांबरोबर ती बाटलीही गेली, हे मी पाहिलं होतं.

ते फ्लॅटवर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, श्रीकांतचा. आवाज घाईचा होता.

"मॅडम, केलं. हॉलमध्ये. नव्या टाइल्सवर. लिफ्टला घाबरला, खाली उतरेचना."

"आईंनी काय केलं?"

"माहीत नाही. मी तेव्हा अंघोळीला होतो. तिलाच देतो."

फोन हातातून हातात गेला. मागे कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली आणि टाइल्सवर नखांचा आवाज आला. कुत्रा इकडून तिकडे फिरत असावा. कुणी त्याला बांधलं नव्हतं.

"हां, बोला," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"ढब्बूनं घरात केलं म्हणे."

"केलं. नवीन जागा आहे त्याला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करायचं? फडकं घेतलं, पुसलं."



"आणि?" मी विचारलं.

"आणि काय? चहा टाकला. श्रीकांतला उशीर होतोय."